कल्याणीच्या राजाचा मत्स्यविनोद

वसंत ऋतू आला की विलायतेत थंड पाण्याच्या ओढ्यांवर ट्राउट माशाच्या शिकारीचे दिवस सुरू होतात. गळावर पिसे व रेशमी धागा बांधून खोटी माशी करावयाची, लवचीक काठीने ती पाण्यावर अलगद उतरवावयाची आणि ती खरी समजून मासा झेप घेईपर्यंत तासन् तास वाट पाहावयाची, असा हा खेळ आहे. मॅसिडोनियातील लोक तांबड्या लोकरीची व कोंबड्याच्या पिसांची माशी करून मासे धरीत, असे ईलियन या ग्रंथकाराने इ. स. २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे. आपल्या देशात ट्राउट आला तो इंग्रजांच्या हौसेपायी. काश्मिरात १९०० साली व निलगिरीत त्यानंतर काही वर्षांनी. हुमनाबादच्या बाजूने वाहत मांजरेस मिळणाऱ्या कारंजा नदीच्या चैत्रातील कोमट पाण्यात तो जगणार नाही.

यावरून गळाने मासे धरण्याचे शास्त्र ही परदेशातून आलेली वस्तू होय, असा कोणाचाही समज व्हावा. परंतु हुमनाबादहून वायव्येस काही कोसांवर असलेल्या कल्याणीने, म्हणजे आजच्या बसवकल्याणने, हा समज सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच खोटा ठरविला आहे.

कल्याणी ही चालुक्यांची राजधानी. तेथे ११२६ साली विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर सिंहासनावर बसला. त्याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून पाकशास्त्रापर्यंत नाना विषय त्यात आले असून, राजाच्या करमणुकींच्या प्रकरणात ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय आहे. तीस-पस्तीस जातींचे मासे त्यात वर्णिले आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, हे सांगून कोणास पिठाचे गोळे रुचतात व कोणास मांस, हेही सांगितले आहे. आधी मासे खाऊ घालून एका जागी रमवावे आणि मग गळ टाकावा, असा त्यातील क्रम आहे. काठी, दोरी व गळ यांचा विचारही त्यात आहे. इंग्लंडात या विषयावरील पहिला ग्रंथ छापला गेला तो १४९६ साली. म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी.

आम्ही पहिले, एवढे म्हणून छाती फुगवावी आणि पुस्तक मिटावे, हा मोह येथे होतो. पण थोडा विचार करावा. कोणता मासा काय खातो आणि कोणत्या डोहात राहतो, हे ज्ञान सिंहासनावर बसून मिळत नाही. ज्यांची पोटे नदीवर भरत होती, अशा कोळ्या-भोयांच्या पिढ्यांनीच ते जमविले असले पाहिजे. त्यांची नावे ग्रंथात नाहीत. राजाचा जो विनोद, तो त्यांचा चरितार्थ होता. सोमेश्वराचा मोठेपणा असा की, हे ज्ञान त्याने लिहिण्याच्या योग्यतेचे मानले. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंद करणारा ग्रंथ तोच; आणि त्यातच दशावतारांवरील जुन्या मराठी ओळी सापडतात, ज्यांच्या आरंभी वेद वर आणणारा मत्स्यावतार आहे.

सोमेश्वराच्या मृत्यूनंतर काही दशकांतच चालुक्यांचे राज्य लयास गेले. ग्रंथ मात्र राहिला. श्रीगोंदेकरांनी तो संपादिला व त्याचा पहिला खंड १९२५ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली मत्स्यविनोदावर लेख लिहून त्यातील मासे ओळखण्याचा प्रयत्न केला. नुसत्या नावावरून मासा ओळखणे सोपे नसते. नाव पोथीत राहते. त्या नावाने हाक मारणारा मनुष्य नाहीसा झाला, की ते मुके होते.

कारंजेवर आणि मांजरेवर आज धरणे आहेत, माशांच्या जातीही सर्वच पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. तरी जुन्या माशांची मराठी-कानडी नावे सांगणारी वृद्ध माणसे काठावरच्या गावांतून अद्याप भेटतात. त्यांच्यापाशी बसून ती नावे लिहून घेण्यास राजा असावे लागत नाही. एक वही व थोडा धीर पुरेसा आहे. आणि धीर तर गळ टाकणाऱ्याचा पहिला गुण होय.