चालत्या चाकाखालची मोगरी

जळगावच्या श्रीराम रथाला ना स्टिअरिंग, ना ब्रेक. पुढे जाड दोर ओढणारी माणसे, मागे जुन्या गावातल्या चिंचोळ्या रस्त्यांवरून डुलत येणारा अवजड लाकडी रथ. तरीही कार्तिकी एकादशीला निघालेला हा रथ सगळी वळणे घेऊन पुन्हा रथ चौकात परततो, तो मोगरीवाल्यांच्या भरवशावर.

संत अप्पा महाराजांनी हा उत्सव १८७२ मध्ये सुरू केला. तेव्हा खानदेश अखंड होता आणि जिल्ह्याची कचेरी धुळ्याला होती. जळगावला मात्र रेल्वे आली होती, कापसाची पेठ वाढत होती. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज वहन निघते आणि एकादशीला रथ. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्याजवळ तो थांबतो, तिथे चादर चढवली जाते.

हे थांबणे सोपे नाही. मोगरी म्हणजे लाकडाची दणकट पाचर. दोन्ही बाजूंच्या चाकांपुढे ती एकदम सरकवली की चाके तिच्यावर चढू पाहतात, रथाचा भारच त्यांना खाली दाबतो आणि रथ अडतो. वळवायचा असेल तेव्हा मोगरी एकाच बाजूला लावतात. ते चाक रेंगाळते, दुसरे पुढे जाते, रथाचे तोंड फिरते. कुठे, किती आणि नेमकी केव्हा लावायची, हे जुन्या हातांबरोबर राहूनच समजते. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाला क्लीनर दगड लावतो, त्यामागचे तत्त्व हेच. पण तिथे गाडी उभी असते. मोगरीवाला फिरत्या चाकाशी वाकलेला असतो आणि दोर ओढणाऱ्या बहुतेकांना तो दिसतही नाही. रथोत्सवातले सर्वांत मोलाचे कसब त्याचेच.

पिंप्राळ्याच्या आषाढी रथालाही मोगरीच लागते. दूर तिरुवारूरला, जिथे एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते, त्यागराज मंदिराच्या महारथाला तिरुचिरापल्लीच्या ‘भेल’ने हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. तरी वळणावर चाकाखाली लाकडी ठोकळे घालावेच लागतात.

जळगावला रथाच्या दर्शनाला गेलात, तर चाकांपासून लांब उभे राहा. मोगरी लावून झटकन बाजूला व्हायला त्या माणसाला मोकळी जागा लागते.