विचारमंथनाची कुळकथा

चार माणसांनी एकत्र बसून मसलत करावी आणि तीतून निर्णय निष्पन्न व्हावा, ही रीत मराठी मुलखाला नवी नव्हे. वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, वादी-प्रतिवादींच्या तकरिरा ऐकल्या जात, आणि अखेरीस जो महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, सिद्ध होई त्यावर पाटलाचा नांगर व इतरांच्या आपापल्या निशाण्या उमटत. परंतु तेथे उच्चारलेला प्रत्येक शब्द साक्षीच्या मोलाने तोलला जात असल्याने, मनात आले ते निर्धास्तपणे बोलून टाकण्याची मुभा कोणालाच नसे.

ही मुभा हाच जिचा पाया, ती ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ अर्थात विचारमंथन नामक पद्धती अलेक्स ऑसबर्न या अमेरिकन जाहिरात-व्यावसायिकाने १९३९च्या सुमारास आपल्या बीबीडीओ कंपनीत प्रचारात आणली, आणि टीका तहकूब ठेवावी, स्वैर कल्पनेस वाव द्यावा, संख्येची हाव धरावी व दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालावी, हे तिचे चार नियम १९५३ साली ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या ग्रंथात विस्ताराने मांडले. हिंदुस्थानातील हिंदू आचार्य ‘प्राई-बरशना’ या नावाने अशीच पद्धती चारशेहून अधिक वर्षे आचरीत आले आहेत, असेही त्याने त्यात नमूद केले. आपल्या वतनाला प्राचीन सनद जोडण्याचा मोह केवळ आमच्या वतनदारांनाच होतो, असे नाही.

कारखान्यांतील कामगारांपर्यंत ऑसबर्नची ही पद्धती पोचली ती मात्र जपानच्या वाटेने. १९६२ साली जपानात काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने ‘क्वालिटी सर्कल’, म्हणजे कामाच्या गुणवत्तेचा विचार करणारे कामगारांचे छोटे मंडळ, जन्मास आले. १९८०मध्ये ते हैदराबादनजीकच्या भेलच्या कारखान्यात रुजू झाले, आणि मग ठाणे-डोंबिवलीसारख्या औद्योगिक पट्ट्यांतही त्याचा अंमल पसरला. एकाच विभागातील मोजक्या माणसांनी पाळीपाळीने एकेक कल्पना सांगावी, न सुचल्यास ‘पास’ म्हणावे, आणि म्होरक्याने ती जशीच्या तशी फळ्यावर उतरवावी, हा तेथील विचारमंथनाचा शिरस्ता.

पाळीमुळे भिडस्त माणूस बोलता झाला खरा, परंतु मूळ पद्धतीतील एक दोष तिने घालविला नाही. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी व ब्लॉक यांनी चौघांचा गट आणि एकेकटे विचार करणारे चौघे यांची तुलना केली, तेव्हा एकेकट्यांच्या एकत्रित कल्पनाच अधिक भरल्या. आणि एक बोलत असता इतरांना खोळंबावे लागते, हे त्याचे प्रमुख कारण डील व स्ट्रोबे यांनी १९८७मध्ये प्रयोगाने दाखविले. दरम्यान बर्न्ड रोरबाख या जर्मनाने, सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहून कागद शेजाऱ्याकडे सरकवावा, अशी मूक पद्धती काढलीच होती.

या सर्व शाखांत अबाधित राहिले ते एकच तत्त्व : कल्पना सुचण्याची वेळ निराळी, निवाड्याची वेळ निराळी. म्हणूनच पहिल्या बैठकीत जिचे तोंड बंद ठेवविले, त्या टीकेलाच दुसऱ्या बैठकीत मानाने पाचारण करून खर्च, मुदत व जोखीम यांच्या हिशेबाने एकेक कल्पना पारखावयास न सांगितल्यास, भरलेला फळा पुसून टाकण्यापलीकडे मंडळींच्या हाती काही उरत नाही.