किला गेटच्या वाटेवरील शून्य

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी माणसाला महादजी शिंदे आठवतात, १८५८ साली येथे धारातीर्थी पडलेली झाशीची राणी आठवते. गाण्याच्या जाणकारांना कृष्णराव शंकर पंडितांची गायकी आठवते. परंतु श्रोतेहो, आज मी आपणांस किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या एका लहानशा देवळापाशी नेणार आहे.

ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या एका सुट्या डोंगरावर उभा आहे. डोंगराची लांबी सुमारे पावणेदोन मैल; सभोवारच्या मैदानातून तो सुमारे ३०० फूट उभाच्या उभा उठला आहे. असा कातळ हाती असल्यावर मनुष्य त्यावर तट बांधतो, तसाच त्यात छिन्नीही चालवतो. पंधराव्या शतकात डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळी जैन भक्तांनी येथील कड्यांत तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरविल्या. उरवाई खोऱ्यातील सर्वांत उंच मूर्ती तर सुमारे ५७ फूट आहे. १५२८ साली बाबराने त्या पाहिल्या आणि त्या फोडण्याची आज्ञा केली, असे तो स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहितो. पुष्कळ मूर्तींचे चेहरे गेले. पण अंगे कड्याचीच असल्यामुळे ती हलविता आली नाहीत.

अमेरिकेतील मेसा व्हर्डे येथेही कोरड्या दऱ्यांच्या कपारींत प्राचीन लोकांनी घरे बांधली होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस ती ओस पडली. त्या लोकांनी लिखित वृत्तान्त ठेवला नाही. म्हणून त्यांची कहाणी भिंती, खापरे आणि धान्याचे अवशेष यांवरून जुळवावी लागते. ग्वाल्हेरचा कडा मात्र अक्षरांनी बोलतो.

ते बोलणे ऐकण्यासाठी किला गेट भागातून चढावे. किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीच्या पायथ्याची ही जुनी वस्ती. १६६० साली बांधलेला आलमगिरी दरवाजा ओलांडला, गुजरी महाल मागे टाकला की खडी चढण सुरू होते. गणेश दरवाजा आणि लक्ष्मण दरवाजा यांच्यामध्ये चतुर्भुज मंदिर आहे. एकाच कातळातून कोरून काढलेले हे विष्णूचे देऊळ जेमतेम एका खोलीएवढे. वर मानसिंहाच्या महालाची ओढ लागलेला प्रवासी सहसा त्याच्यापुढून तसाच निघून जातो.

हे देऊळ इसवी सन ८७५ च्या सुमारास अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने कोरविले. प्रतिहार सम्राट भोज याने त्याला या किल्ल्याचे रक्षण सोपविले होते. आपल्या वडिलांचे, वाइल्लभट्टाचे, नाव त्याने देवाला दिले. देवळात दोन शिलालेख आहेत. त्यांपैकी विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा लेख हा दानाचा हिशेब आहे. साऱ्या नगराने फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद अशी जमीन दिली. माळ्यांनी देवासाठी रोज ५० माळा द्याव्यात, आणि तेल्यांनी दरमहा शुद्ध नवमीस प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असेही त्यात ठरले आहे.

या २७० आणि ५० मधील शेवटचा अंक पाहावा. इतर अंकांहून लहान, किंचित वर खोदलेले ते एक वर्तुळ आहे. तेच आपले शून्य. शून्याच्या खुणा याहूनही जुन्या मिळाल्या आहेत. कंबोडियातील ६८३ सालच्या शिलालेखात ते टिंबाच्या रूपात आहे. परंतु भारतात, निश्चित काळ सांगता येईल अशा शिलालेखांत, वर्तुळाकार शून्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक मानला जातो.

मला त्यातील अधिक मोलाची गोष्ट निराळीच वाटते. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याच्या गणिताचे नियम सांगितले. पण तो पंडिताचा ग्रंथ होता. येथे शून्य आले आहे ते बागेच्या मापात आणि माळांच्या मोजणीत. लेख लिहिणाऱ्याने त्याचा गौरव केलेला नाही, अर्थही समजावलेला नाही. म्हणजे त्या काळी ते नित्याच्या हिशेबात रुळले होते. मुलांना दशमान पद्धती शिकविताना आपण मोठ्या गणितज्ञांची नावे सांगतो, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला या अनामिक कारकुनाचेही स्मरण करावे.

या किल्ल्यासाठी किती तलवारी उपसल्या गेल्या! १७८० च्या ऑगस्टमध्ये पॉपहॅमच्या इंग्रज पलटणीने रात्री कड्याला शिड्या लावून तो महादजींच्या लोकांकडून घेतला. पुढे १८५८ पासून १८८६ पर्यंतही तो इंग्रजांकडेच होता. सत्ता अशा आल्या आणि गेल्या. तेली-माळ्यांचा तो साधा करार मात्र भिंतीवर राहिला, आणि आज दूरदेशीचे गणिताचे अभ्यासक त्याच्या दर्शनास येतात.

म्हणून श्रोतेहो, ग्वाल्हेरला जाल तेव्हा किला गेटकडून पायी चढा आणि मुलांना बरोबर न्या. देवळापाशी थांबून त्यांना ते वर्तुळ दाखवा. त्या दगडावर आपले नाव कोरण्याचा मोह कोणाला झालाच, तर त्याला एवढेच सांगा, की ज्याने हे शून्य कोरले त्याने स्वतःचे नाव लिहिलेले नाही.