पासंगाचे मोल

वाण्याच्या तराजूतील पासंग हा दोष समजला जातो. रसायनशास्त्राच्या इतिहासात मात्र एक पासंगच ज्ञानाची किल्ली ठरला.

सेंद्रिय पदार्थाचे रेणुसूत्र ठरविणे हे एकोणिसाव्या शतकात मोठ्या चिकाटीचे काम होते. १८३१ साली जर्मनीतील गीसेन येथे लीबिगने पाच गोळ्यांचे काचपात्र सिद्ध केले. पदार्थ जाळावा, निघालेला कार्बन डायॉक्साइड त्या पात्रातील पोटॅशच्या द्रावणात शोषून तोलावा, पाणी निराळे तोलावे, अशी ती रीत. तिने मूलद्रव्यांचे प्रमाण कळे. रेणूचे वजन स्वतंत्रपणे शोधावे लागे.

विसाव्या शतकात तराजूच बदलला. रेणूला विद्युत्भारित करून चुंबकीय क्षेत्रातून धाडले, तर जड कण कमी वळतो, हलका अधिक. या तत्त्वावर १९१९ साली केंब्रिजमध्ये अ‍ॅस्टनने आपले यंत्र उभारले. अणूंची वजने जवळजवळ पूर्णांकी आहेत, असे त्याला आढळले. जवळजवळ! हायड्रोजन १ न भरता १.००८ भरला. हा पासंग यंत्राचा नव्हता, निसर्गाचा होता. अणुगर्भ बांधला जाताना वस्तुमानाचा अल्प अंश ऊर्जारूपाने खर्ची पडतो, आणि तो अंश प्रत्येक मूलद्रव्यागणिक निराळा असतो.

या अपूर्णांकाचे खरे मोल सेंद्रिय रसायनासाठी ओळखले ते बेननने. मँचेस्टर येथे रंगद्रव्यांच्या उद्योगात काम करीत असता त्याने १९५४ साली ही पद्धत मांडली. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि एथिलीन या तिन्ही वायूंचे रेणुभार स्थूलमानाने २८ च. परंतु आजच्या, कार्बन १२ धरलेल्या मापाने ते अनुक्रमे २७.९९४९, २८.००६१ व २८.०३१३ भरतात. दशांशचिन्हापुढील आकडे अचूक मिळाले, की कोणते अणू किती, हे बहुधा गणितानेच उकलते. रेणू मोठा असेल तर संभाव्य सूत्रे वाढतात आणि अचूकताही तितकीच वाढवावी लागते.

तथापि या तराजूचीही एक मर्यादा आहे. मद्यार्क आणि डायमेथिल ईथर, दोहोंत दोन कार्बन, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन. वजन दोहोंचे ४६.०४१९. एक द्रव, दुसरा वायू. तराजूला मात्र दोन्ही सारखेच. घरात विटा किती, हे वजनाने कळते. घर कसे बांधले आहे, हे पाहण्यासाठी रेणूचे तुकडे करून ते पुन्हा तोलावे लागतात. तेथेही उपयोगी पडतो तो पासंगच.