पणजोबांचं नाव कुठल्या कागदावर?



ऑफिसात एखादा तरी गोरा सहकारी असा भेटतोच, ज्याने खापरपणजोबांच्या घराचं जनगणनेचं पान शोधून काढलेलं असतं. नाव, वय, धंदा, आईबाप कुठल्या देशात जन्मले, सगळं एका ओळीत. मग तो सहज विचारतो, "तुमच्याकडे असं काही असतं का?" उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितो.

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं. गुलामांची नावं मात्र नाहीत. मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि रंग. त्यामुळे अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा माग १८७० च्या पानाशी येऊन थांबतो. १८९० ची पानं तर १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीपायी जवळजवळ सगळी गेली. बाकीची ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची २०२२ मध्ये झाली. इंग्लंड-वेल्समध्ये हा काळ १०० वर्षांचा. तिथली १९३१ ची जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणजे १९२१ नंतरचं पान थेट २०५२ मध्ये बघायला मिळेल.

आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी एक गंमत. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'साउंडेक्स' नावाचं फंक्शन असतं ना, त्याचं पेटंट १९१८ चं आहे. १९३५ साली अमेरिकेत म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा आला. अनेकांकडे जन्मदाखलाच नव्हता, मग वय सिद्ध करायला जुनी जनगणना धुंडाळावी लागली. स्पेलिंगचा तर सगळा आनंद! म्हणून नावाचं पहिलं अक्षर आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे असा कोड करून लाखो कार्डं तयार केली. १८८० च्या जनगणनेतली तर फक्त दहा वर्षं किंवा त्याखालची मुलं असलेलीच घरं घेतली, कारण पेन्शनच्या वयाला तीच मुलं पोचत होती. 

आता आपलं उदाहरण. आनंदीबाई जोशींचं आडनाव पकिप्सीच्या त्यांच्या स्मृतिशिळेवर शेवटी दोन 'ई' घालून कोरलंय. आपण हल्ली एक 'आय' लावतो. साउंडेक्सला दोन्ही सारखेच, जे-२००. पण त्या आल्या १८८३ मध्ये आणि परतल्या १८८६ मध्ये. दोन जनगणनांच्या मधेच! त्यामुळे इथली पहिली मराठी डॉक्टरीण इथल्या राष्ट्रीय जनगणनेत सापडायची नाही.

मग आपल्याकडे काय? पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास, पण ती सगळीकडे एकाच वेळी नव्हती. देशभर एकाच रात्री मोजणी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ ला. गणक दारोदार गेले, माणसं टिपून घेतली. पण इंग्रज सरकारला हवे होते आकडे: कुठल्या जातीचे किती, कुठल्या धर्माचे किती, कोण काय धंदा करतो. बेरजा झाल्या, जाडजूड अहवाल छापले गेले आणि घरोघरची पत्रकं कुणी जपली नाहीत. तेव्हा १८८१ च्या अहवालात जिल्ह्यात माणसं किती हे मिळेल, आपले पणजोबा मिळणार नाहीत. आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यानंतरचे कागद बघण्याचा हक्क कुणालाच नाही. ७२ नाही, १०० नाही, मुदतच नाही.

पण त्याच काळात कोकणातून मुंबई बंदरामार्गे मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या करारबद्ध मजुरांचं बघा. तिथल्या महात्मा गांधी संस्थेत ती जुनी रजिस्टरं आहेत. त्यांत माणसाचा नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, आणि १८६० च्या दशकापासून पुढे कित्येकांचे फोटोसुद्धा. बायकांनाही स्वतंत्र नंबर. त्यांना राबवून घ्यायचं होतं म्हणून सरकारने ते लिहून ठेवलं, प्रेमापोटी नव्हे. तरी आज त्यांचा वंशज गावाच्या नावापर्यंत पोचतो, आणि गावातच राहिलेल्या भावाच्या वंशजाला जनगणनेचा काडीचा उपयोग नाही!

आपल्याला शोधायचं तर दुसरीकडे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, तलाठ्याकडचे फेरफार आणि वारस नोंदी, जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक (गाव नमुना १४). जुने कागद बहुतेक मोडीत, तेव्हा वाचणारा माणूस गाठावा लागतो. छापील कुलवृत्तान्त थोड्याच घराण्यांचे, आणि जुन्यांत लेकींना जागा कमीच. पणजोबा सापडले तरी पणजीचं माहेरचं नाव बहुधा सापडत नाही.

आता स्वतःकडे बघू. २००० च्या अमेरिकन जनगणनेत एच-वन वाले आपणही मोजले गेलो. ती पानं २०७२ मध्ये उघडतील, २०२० ची २०९२ मध्ये. आपली पणतवंडं हौसेने बघतील. त्यांना काय दिसेल? नाव, वय, जन्मतारीख, 'एशियन इंडियन' वर खूण. १९५० पर्यंत जन्मस्थान तरी विचारायचे, २०१० आणि २०२० च्या फॉर्मवर तेही नाही. आणि मधल्या नावाला एकच चौकोन! आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बाप किंवा नवरा, म्हणजे अख्खी एक पिढी. ती तिथे एका अक्षरात संपते. वाई की वेंगुर्ला, हे त्या पानावरून कधीच कळणार नाही.

तेव्हा हे काम सरकारवर सोडण्यासारखं नाही. पुढच्या फोनवर आई-बाबांना, आत्याला, मावशीला चार प्रश्न विचारा: मूळ गाव आणि तालुका, पणजोबांचं पूर्ण नाव, पणजीचं माहेरचं नाव आणि गाव, घर सोडून कोण कधी कुठे गेलं. देवनागरीत लिहा, तारीख घाला, आणि कागदावर छापून ठेवा. आपल्या फायली किती वर्षं उघडतात ते आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.



ता. क. अमेरिकन जनगणनेची पानं फॅमिलीसर्चवर फुकट खातं उघडून नावाने शोधता येतात. १९२०, १९३० आणि १९४० च्या पानांवर वंशाच्या रकान्यात 'हिंदू' असं दिसलं तर ते धर्माचं नाही. शीख आणि मुसलमानांनाही तिथे 'हिंदू'च लिहीत.