रांगेचें शास्त्र

रांगेंत तिष्ठत उभें राहणें ही कांहीं कोणाच्या आवडीची गोष्ट नव्हे. परंतु या तिष्ठण्याचेंहि एक शास्त्र आहे, आणि तें जन्मास आलें डेन्मार्कमधील एका टेलिफोन कंपनींत.

आग्नर क्रारुप एर्लांग हा गणिती १९०८ सालीं कोपनहेगन टेलिफोन कंपनीच्या नोकरींत शिरला. त्या काळीं तारा जोडून देण्याचें काम माणसांच्या हातांनीं चाले. जोडणाऱ्या मुली थोड्या नेमल्या तर ग्राहकानें कानाशीं नळी धरून ताटकळावें, पुष्कळ नेमल्या तर कंपनीनें रिकाम्या हातांना पगार द्यावा, असा हा पेच होता. अमुक मागणी केव्हां येईल हें सांगतां येत नसलें, तरी अमुक वेळांत किती येतील याचा अदमास संभवशास्त्रानें बांधतां येतो, हें एर्लांगनें १९०९ सालच्या निबंधांत दाखविलें. किती मागण्या परत जातील आणि किती वेळ थांबावें लागेल, याचीं सूत्रें त्यानें १९१७ सालीं मांडलीं. हा विद्वान तारांतील विजेची गळती मोजीत शहराच्या रस्त्यांतून हिंडे व मागून शिडी घेऊन एक मजूर चाले, असें सांगतात. मला तर त्याच्या सूत्रांइतकेंच हें चित्र प्रिय आहे! १९२९ सालीं तो वारला. १९४६ सालीं दूरध्वनीच्या भाराच्या मापास त्याचें नांव मिळालें.

पुढें रांगा संगणकाच्या पोटांत शिरल्या. एक प्रक्रिया माल तयार करते, दुसरी तो वापरते, आणि मध्यें मोजक्या जागेचें कोठार असतें. दोघींनीं एकाच वेळीं त्यांत हात घालूं नये म्हणून काय करावें? रेल्वेच्या सिग्नलाचें ‘सेमाफोर’ हें नांव घेऊन नेदरलंड्सच्या एड्सगर डाइक्स्त्रानें १९६५ च्या सुमारास याचें उत्तर दिलें.

आतां तिसरा धागा. डिसेंबर १९८३ मध्यें अमेरिकेंतील माइक म्यूस यानें ‘पिंग’ हा लहानसा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या नादावरून त्यानें हें नांव ठेविलें. यंत्रानें यंत्रास साद घालावी आणि पडसादाची वाट पाहावी, एवढेंच त्याचें काम. मात्र समोरचें यंत्र बंद असेल तर ही वाट पाहणें फुकट जातें. एका लहान जाळ्यांत २५४ पत्ते मावतात. प्रत्येकापाशीं एक सेकंद थांबावयाचें ठरविलें आणि सारींच यंत्रें मुकीं निघालीं, तर एकामागून एक विचारणाऱ्या स्क्रिप्टचीं चार मिनिटें त्यांतच सरतात.

म्हणून पत्ते रांगेंत ठेवावयाचे आणि कांहीं कामकरी थ्रेड नेमावयाचे. जो मोकळा होईल त्यानें रांगेचें पुढचें टोक उचलावें. रांगेस कुलूप असल्यामुळें एकच पत्ता दोघांच्या हातीं पडत नाहीं. उत्तरें दुसऱ्या रांगेंत टाकावीं व तीं एकानेंच लिहावीं, म्हणजे ओळींत ओळ मिसळत नाहीं.

पण कामकरी किती? येथें एर्लांग पुन्हा भेटतो. दर मिनिटास फेरी घालावयाची असेल, तर ६० सेकंदांत २५४ सेकंदांचें काम, म्हणजे सुमारें ४.२३ एर्लांग भार झाला. चार थ्रेड नेमले तर मिनिटास २४० पत्तेच उरकतात. १४ मागें राहतात. तासाभरांत ८४० पत्त्यांची रांग साचते, आणि त्या वेळीं रांगेंत आलेल्या पत्त्याची पाळी साडेतीन मिनिटांनीं येते. मधल्या काळांत तें यंत्र बंद पडलें असलें, तरी देखरेख करणाऱ्यास त्याचा पत्ता नसतो. पांच नेमले तर फेरी ५१ सेकंदांत पुरी होते आणि नऊ सेकंद हातांत उरतात.