पन्नास हर्ट्झचा भाव

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. त्याच्या आधीच्या क्षणी जाळ्याची वारंवारता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ४९.६८ हर्ट्झ होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत असे तीन विभाग एकत्रच अंधारात गेले. तेव्हाचा आकडा होता ४९.८४ हर्ट्झ. त्या काळच्या मापाने हे दोन्ही आकडे अगदी सर्वसाधारण होते, आणि दुसऱ्या दिवशीचा तर आदल्या दिवसापेक्षा चांगला होता. नाडी ठीक लागत असतानाच रोगी दगावला, असा हा प्रकार.

या दोन दिवसांत साठ कोटींहून अधिक लोक राहतात अशा प्रदेशाचा वीजपुरवठा तुटला. दिल्लीची मेट्रो थांबली, शेकडो रेल्वेगाड्या रुळांवर खोळंबल्या, पूर्वेकडील खाणींत उतरलेले कामगार पाळणे बंद पडल्याने तासन्‌तास जमिनीखाली अडकले. मी तेव्हा पुण्यात पदव्युत्तर वर्गात शिकत होतो. आमच्या वसतिगृहातले पंखे फिरत होते आणि ‘आपल्याकडे असे होत नाही’ अशी एक आत्मसंतुष्ट चर्चा रात्रीच्या जेवणाला रंगली होती. त्या चर्चेत मीही हिरिरीने भाग घेतला होता. पुण्यातले ते पंखे का फिरत राहिले, हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली. ते उत्तर फारसे सुखावणारे नाही.

त्यासाठी आधी वारंवारता म्हणजे काय, ते पाहू. औष्णिक केंद्रातले मोठे जनित्र साधारणपणे मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. एकाच प्रत्यावर्ती जाळ्याला जोडलेली सारी जनित्रे, ती कोराडीची असोत की सिंगरौलीची, विद्युतदृष्ट्या एकमेकांशी जखडलेली असतात. तारांमध्ये वीज साठवता येत नाही. मागणी निर्मितीहून वाढली, तर ती तूट त्या क्षणी फिरत्या चाकांच्या गतिज ऊर्जेतून भरून निघते आणि चाके किंचित मंदावतात. निर्मिती जास्त झाली, तर ती वेग घेतात. म्हणून वारंवारता हा साऱ्या जाळ्याच्या जमाखर्चाचा एकच, सर्वांना सर्वत्र दिसणारा ताळेबंद आहे. तो पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. भिंतीवरच्या सॉकेटला साधे मापक लावले की तो वाचता येतो.

२००२ पूर्वी भारतात या ताळेबंदाची अवस्था दयनीय होती. पश्चिम आणि दक्षिण विभागांत मागणीच्या वेळी वारंवारता ४८.५ हर्ट्झच्याही खाली जाई. पूर्वेकडे, जिथे वीज जास्त आणि गिऱ्हाईक कमी, तिथे ती ५१ च्या वर चढे. ४८ हर्ट्झवर शेतातला पंप चार टक्के सावकाश फिरतो आणि पाणी त्याहून बरेच कमी चढवतो. मोठ्या टर्बाइनच्या पात्यांना तर असा वेग घातकच. कारण यंत्रांपेक्षा हिशोबात दडलेले होते. केंद्रीय वीजकेंद्रांना जितकी निर्मिती तितका लाभ मिळे, म्हणून मध्यरात्री गरज नसतानाही ती पूर्ण क्षमतेने चालत. राज्य विद्युत मंडळांना ठरल्यापेक्षा जास्त वीज उचलण्याची वेगळी अशी किंमत मोजावी लागत नसे, म्हणून संध्याकाळी ती बेधडक उचलत. आर्जवे, पत्रे, बैठका सारे होऊन गेले. मापकाचा काटा हलला नाही.

यावर निघालेला उपाय जगाच्या वीजइतिहासात नोंद घ्यावी असा आहे, आणि तरी आपल्याकडे त्याची चर्चा फारच थोडी होते. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने जानेवारी २००० मध्ये उपलब्धतेवर आधारित दरपद्धतीचा आदेश काढला. या पद्धतीच्या रचनेमागे भानू भूषण या अभियंत्याचा विचार होता. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडायचे. कोण किती निर्माण करणार आणि कोण किती उचलणार, याचे वेळापत्रक आदल्या दिवशी ठरवायचे. प्रत्यक्षात त्यापासून जो फरक पडेल, त्याचा दर त्या क्षणाच्या वारंवारतेवरून ठरवायचा. प्रारंभी हा दर ५०.५ हर्ट्झला शून्य होता आणि ४९ हर्ट्झला युनिटमागे ४ रुपये २० पैसे. मधल्या टप्प्यात वारंवारता ०.०२ हर्ट्झने घसरली की दर ५.६ पैशांनी वाढे.

यातली खुबी पाहा. बाजाराला लागणारा दलाल नाही, लिलाव नाही, संगणकांचे जाळे नाही. देशभरातल्या तारांतून जी वारंवारता आपोआप पोहोचते, तीच भाव सांगते. दर चढला की ज्याचे इंधन त्याहून स्वस्त, तो जास्त निर्मिती करतो. ज्याला परवडत नाही, तो कमी उचलतो. वीजविनिमय केंद्रे आपल्याकडे २००८ मध्ये सुरू झाली. त्याच्या सहा वर्षे आधीच भौतिकशास्त्रातल्या एका राशीला आपण चलनाचे रूप दिले होते. १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागापासून सुरुवात झाली आणि नोव्हेंबर २००३ पर्यंत पाचही विभागांत ही पद्धत लागू झाली. वारंवारता झपाट्याने सावरली. मान्य पट्टा टप्प्याटप्प्याने अरुंद करता आला, आणि विभागांची जाळी एकमेकांना जोडण्याइतका विश्वास निर्माण झाला. मार्च २००३ मध्ये पश्चिम विभाग पूर्व-ईशान्य जाळ्याशी जोडला गेला, ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभागही आला. दक्षिण तेवढी वेगळी राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी वीज एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती केली जाई आणि मगच दक्षिणेत शिरे. त्यामुळे दोन्हीकडच्या वारंवारता स्वतंत्र राहत.

मग २०१२ मध्ये बिनसले काय?

एक लांब लोखंडी दांडा कल्पा. एका टोकाला बैल तो फिरवत आहेत, दुसऱ्या टोकाला चरक आहे. दोन्ही टोके मिनिटाला सारखेच फेरे घेतात. पण चरकात जितका ऊस कोंबावा, तितका दांडा आतून पिळवटतो. फेरे मोजणाऱ्याला हा पीळ दिसत नाही. वीजजाळ्यातही असेच असते. वाहिनीच्या दोन टोकांची वारंवारता एक असते. तिच्यातून किती वीज वाहते ते दोन टोकांच्या कलेतील फरकावर, म्हणजे कोनावर ठरते. कोन फार वाढला की जाळे तुटते. वारंवारता फेरे मोजते, पीळ मोजत नाही. एकूण जमाखर्च जुळला की नाही, ते ती अचूक सांगते; जमा कुठे आणि खर्च कुठे, याबद्दल तिला काहीच ठाऊक नसते.

जुलै २०१२ मध्ये नेमके तेच घडले. उत्तरेत पावसाने ओढ दिली होती, पंप आणि वातानुकूलन यंत्रे अविरत चालू होती, आणि तिकडची राज्ये वेळापत्रकाहून अधिक वीज उचलत होती. पश्चिम विभागात मागणी कमी होती आणि वेळापत्रकाहून जास्त वीज जाळ्यात येत होती. दोन्ही चुका एकमेकींना खोडत होत्या, म्हणून वारंवारता ठीक दिसत होती. भाव भडकला नाही, कोणी हात आखडता घेतला नाही. उलट कमी उचलणाऱ्याला त्याचे पैसेच मिळत होते. ती सारी वीज पश्चिमेकडून उत्तरेकडे ज्या वाटांनी जात होती, त्यांतल्या कित्येक त्या दिवशी बंद होत्या. बिना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरची एक ४०० केव्ही वाहिनी क्षमतावाढीच्या कामासाठी उतरवलेली होती आणि सारा भार दुसरीवर आला होता. वाहिनीवरचा संरक्षक रिले विद्युतदाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर पाहतो. प्रवाह फार वाढला आणि दाब खचला, की नुसता अतिभारही त्याला दूरवरच्या बिघाडासारखा भासतो. वाहिनीत कोणताही दोष नसताना रिलेने ती तोडली. मग वीज पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडे जाऊ लागली, कोन आणखी वाढला आणि काही सेकंदांत उत्तर विभाग सुटून कोसळला. दुसऱ्या दिवशी तीच वाहिनी त्याच कारणाने पुन्हा तुटली.

पुण्यातले आमचे पंखे चालू राहिले, कारण जास्त वीज असलेल्या बाजूला आम्ही होतो. जाळे तुटल्यावर ती बाजू तगली. पण दांड्याला पडलेल्या पिळाचे एक टोक आमच्याच हातात होते.

चौकशी समितीच्या शिफारशींत एक वाक्य मला आजही सर्वांत महत्त्वाचे वाटते: वारंवारतेच्या नियंत्रणासाठी या दरपद्धतीवर विसंबणे कालबद्ध रीतीने थांबवावे आणि ते काम राखीव निर्मितीक्षमतेकडे सोपवावे. दहा वर्षे भावाने राखीव क्षमतेची जागा घेतली होती. पण हाक मारताच धावून येणारे, त्यासाठीच रिकामे ठेवलेले मेगावॅट आपल्याकडे जवळपास नव्हतेच. रिकामे ठेवलेले यंत्र कोणाच्याही ताळेबंदात तोट्याचेच दिसते.

पुढची दहा वर्षे ही उणीव भरण्यात गेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये मान्य पट्टा ४९.९० ते ५०.०५ इतका अरुंद झाला. २०१६ पासून केंद्रीय वीजकेंद्रांतली शिल्लक क्षमता राखीव म्हणून वापरात आली. जाळ्यातला कोन थेट मोजणारी, उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवलेली यंत्रे उपकेंद्रांत बसली. याच काळात, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण भारतही एकाच वारंवारतेत आला. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालवले, तेव्हा मागणी अपेक्षेच्या दुपटीहून अधिक, सुमारे ३१,००० मेगावॅटने घसरली. जलविद्युत केंद्रांनी आधीच ठरल्याप्रमाणे निर्मिती वेगाने खाली आणून पुन्हा वर नेली आणि जाळे डगमगले नाही. ही परीक्षा पूर्वतयारी, राखीव क्षमता आणि शिस्त यांच्या बळावर पार पडली. भावाच्या आमिषावर ती सोडलेली नव्हती.

भाव निरुपयोगी असतो, असा याचा अर्थ नाही. डिसेंबर २०२२ मध्ये वेळापत्रकाबाहेरच्या विजेचा दर वारंवारतेपासून तोडून बाजारभावाशी जोडला गेला. वारंवारता बिघडू लागताच काही आठवड्यांतच आयोगाला नियमांत बदल करावे लागले. भाव काम करतो, पण जे मोजतो तेवढ्यापुरतेच.

कोणाशी वारंवारता वाटून घ्यायची, हा प्रश्न मुळात राजकीयही आहे. युक्रेनने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या जाळ्याशी असलेला दुवा तोडला आणि १६ मार्चला युरोपच्या जाळ्याशी तो जोडला गेला. बाल्टिक देशांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच मार्ग धरला. आपण बांगलादेशाला २०१३ पासून वीज देतो, ती भेडामारा येथे एकदिश करून. व्यवहार आहे, पण वारंवारता सामायिक नाही. तिकडचा बिघाड इकडे आणि इकडचा तिकडे सहजी पोहोचत नाही. सामायिक वारंवारता म्हणजे एकमेकांच्या चुकांची जबाबदारी घेणे. भारतातल्या राज्यांनी ती घेतली आहे, हे आपण विसरतो.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आहे. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला येथे सौर विजेचा दर युनिटमागे २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. या आकड्यांचा आनंद मलाही झाला होता. पण त्या दरात संध्याकाळ नाही, वाहिनी नाही, आणि फिरत्या चाकाचे जडत्वही नाही, कारण सौर वीज इन्व्हर्टरमधून येते. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली. ती दुपारी भागवणे सोपे होत चालले आहे, सूर्यास्तानंतर अवघड. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हाही आधीची वारंवारता पन्नासच्या आसपासच होती. हाताबाहेर गेला तो विद्युतदाब. आपल्याकडच्या निविदा आता साठवणूक आणि संध्याकाळचा पुरवठा मागू लागल्या आहेत, ही चांगली खूण आहे. जडत्व आणि विद्युतदाबाचा आधार यांचीही किंमत तशीच ठरवून मोजावी लागेल.

म्हणून यापुढे विजेच्या विक्रमी नीचांकी दराची बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: या आकड्यात काय मोजलेले नाही? जुलै २०१२ मध्ये तो प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही, आणि खाणीतल्या कामगारांना त्याचे उत्तर अंधारात बसून मिळाले.